एका तासात सत्तेचाळीस वेळा

टायपिंगच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले तेव्हा मला एकोणचाळिसावं वर्ष लागलं होतं. मिनिटाला वीस शब्द हवे होते, माझे चौदा भरले. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या ज्या ऑफिसात मी कंत्राटावर कॉम्प्युटरचं काम करते, तिथं आम्हा सगळ्यांसाठी आदेश आला होता की ही परीक्षा पास करा, संधी दोनच. पहिली मी पावसाळ्यात घालवली. दुसरी दिवाळीनंतर होती.

घर आमचं सौंसरला. त्या दिवशी घरी आले तर सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. माझ्या तोंडाकडे पाहूनच त्यांना कळलं.

“अजून एक खेप आहे न?” त्या म्हणाल्या. “मग हातपाय धू आन् जेव.”

मला जेवण गेलं नाही. मेहनत केली नसती तर वाईट वाटलं नसतं. पण चार महिने रोज रात्री आठ ते दहा मी कॉम्प्युटरसमोर बसत होते. दोन तास म्हणजे काही थोडे नाहीत. ऑफिसात माझ्यासोबत लागलेल्या दोघी त्याहून कमी बसून पास झाल्या होत्या. मला वाटलं, आपली बोटंच जड आहेत. वय झालं, आता वळणार नाहीत.

आमच्या यांचं बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरमधली मोटर जळली की शेतकरी ती गाडीवर टाकून आणतात. हे जळलेली तार काढतात, नवी भरतात. बोलणं फार कमी. त्या आठवड्यात मी बोटांचं रडगाणं चार-पाच वेळा गायले असेन. शनिवारी जेवताना ते म्हणाले, “दोन घंटे तू बसते का तुई खुर्ची बसते?”

मला राग आला. “म्हणजे?”

“उद्या रविवार आहे. तू बस, मी पाहतो.”

रविवारी सकाळी मी टेबलाशी बसले आणि हे माझ्या मागं, भिंतीला टेकून फरशीवर. हातात दुकानातला खडू. माझा हात की-बोर्डवरून उठला किंवा डोळे दुसरीकडे गेले की फरशीवर एक रेघ ओढायची, असं ठरलं. बरोबर एक तास. मी तर अगदी मन लावून बसले होते. मागं कोणी मोजत असताना कोण उठेल? मध्ये भाजीखालचा गॅस बारीक केला, पोरीला तिची वही शोधून दिली, तेवढंच काय ते.

तास संपला. मी मागं वळून पाहिलं तर अर्धी फरशी रेघांनी भरलेली.

“सत्तेचाळीस,” हे म्हणाले.

“काहीही सांगता. गॅस बारीक केला तेही धरलं का?”

“धरलं.”

“आणि फोन वाजला तर मी काय करू?”

“फोन वाजला चार वेळा. तू पाहिला एकोणीस वेळा.”

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मी तर आवाज पण नाही दिला आज.”

“दिला न आई. मिठाचा डबा कुठी आहे म्हणून. मंग पोळपाट. मंग आज विहारात कोण कोण येऊन राहिलं म्हणून.”

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, मग पोरगी, मग मीही. हसता हसताच माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. माझी बोटं चांगली होती! तासात सत्तेचाळीस वेळा उठवलेलं माणूस मिनिटाला चौदा शब्द टाइप करत असेल, तर न उठवता किती करेल? चार महिन्यांत पहिल्यांदा मला परीक्षेची भीती वाटली नाही. उलट कधी एकदा बसते असं झालं. पण बसायचं कसं, ते अजून कळलं नव्हतं.

ते कळलं त्याच दुपारी. दुकानात यांचा डबा घेऊन गेले. सोळा वर्षांत हजारदा गेले असेन. डबा ठेवायचा, रिकामा उचलायचा, निघायचं. त्या दिवशी मी स्टुलावर बसून राहिले.

हे मोटरच्या खाचांमधून तार ओढत होते. एक वेढा, दुसरा वेढा, ओठ हलताहेत, आवाज नाही. तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी आले. “मिस्त्री, माही मोटर कवा होईन?” यांनी मान वर केली नाही. नुसता डावा हात उचलला, पंजा उघडा, आणि पुन्हा तारेवर आणला. म्हातारबाबा काही न बोलता दाराशी बसले. काही वेळानं यांनी खडू घेतला, मोटरच्या लोखंडावर ‘६८’ लिहिलं, आणि मग वळून म्हणाले, “हं, बोला काका.” इतक्या मऊ आवाजात की मीच चकित झाले. काकांचं बोलून झालं, ते गेले. यांनी आकडा पाहिला आणि एकोणसत्तरपासून पुढं ओठ हलायला लागले.

खाच भरून होईपर्यंत मीही गप्प राहिले. मग विचारलं, “तो आकडा कायले लिहिता?”

“नाही लिहिला तर पहिल्यापासून मोजा लागते. वेढे कमी भरले तर मोटर पुन्हा जळते आन् मह्याच दारात येते.”

“आणि हात?”

“हात म्हणजे, थांबा, आलोच. रागवायचं नाही, बोलायचं नाही. समजते लोकायले.”

मी त्यांना इतकी वर्षं तुसडे समजत आले होते. कित्येकदा दुकानात काही विचारायला गेले आणि तो पंजा दिसला की फणकाऱ्यानं परत फिरले. आणि तो माणूस दिवसभर त्या बाजाराच्या गोंगाटात, हॉर्न, लाउडस्पीकर, गिऱ्हाईक, सगळ्यांच्या मधोमध बसून शेकडो वेढे न चुकता मोजत होता. शांत जागा, वेगळी खोली, असलं काही त्याच्याजवळ नव्हतं. एक हात आणि एक खडू. मी घरी जवळजवळ पळतच आले.

दुसऱ्या दिवसापासून नवा बेत सुरू झाला. पावसाळा संपत आला होता. गहू-हरभऱ्याच्या पेरणीआधी लोक मोटरी दुरुस्तीला काढतात, त्यामुळे हे सकाळी सहालाच दुकान उघडत. मी म्हटलं, मीही येते. ऑफिसातल्या एका बाईंकडून जुना लॅपटॉप मागून घेतला. दुकानातल्या लाकडी बाकड्याच्या एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप, आमच्या दोघांच्या पाठी एकमेकांकडे. सहा ते सात. फोन घरी, सासूबाईंच्या ताब्यात.

फोनचं प्रकरण सासूबाईंनी इतकं मनावर घेतलं की विचारू नका. कोणाचाही फोन येवो, त्या उचलायच्या आणि खणखणीत सांगायच्या, “ते अभ्यास करून राहिली. सात वाजल्यावर फोन करजो.” माझ्या भावाला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, कुठल्याशा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या मुलीलाही सांगितलं. त्या मुलीनं म्हणे सातनंतर खरंच फोन केला.

सुरुवातीचे दिवस मात्र अवघड गेले. फोन नव्हता, कोणी हाक मारत नव्हतं, तरी मन जागेवर राहीना. हात की-बोर्डवर आणि मी मनानं बसस्टँडवर, पोरीच्या शाळेत, आदल्या दिवशी कोणी काय टोचून बोललं त्यात. मी खडू घेतला. मन गेलं की बाकड्यावर एक रेघ. पहिल्या दिवशी एकतीस. तिसऱ्या दिवशी सव्वीस. मध्ये एकदा पुन्हा चौतीस. त्यात आणखी एक भानगड होती. परीक्षा हिंदीची. लक्ष जरा हललं की बोटं आपली भाषा लिहायला लागत. ‘और’च्या जागी ‘आणि’, ‘है’च्या जागी ‘आहे’. स्क्रीनवर वाक्य हिंदीत सुरू होऊन मराठीत उतरलेलं दिसायचं. ते पाहिलं की मला समजायचं, मी अमक्या शब्दाशी इथून उठून गेले होते.

यांचा आकडाही मी उचलला. दुकानात कोणी मलाच काही विचारलं, किंवा हे पाणी मागायचे, तर उठण्याआधी मी परिच्छेदाचा आणि ओळीचा आकडा बाकड्यावर लिहायची. परत आलं की थेट त्या ओळीवर बोट. पूर्वी परत आल्यावर ‘कुठं होते बरं मी’ यातच दोन मिनिटं जायची. ती वाचली.

आणि मग ती सकाळ आली. मी टाइप करत होते. उतारा संपला, पुढचा घेतला, तोही संपला. मान वर केली तर घड्याळात सहा पंचवीस. बाकड्यावर एकही रेघ नाही. एकही नाही! पंचवीस मिनिटं मी कुठंच गेले नव्हते. मला इतका आनंद झाला की मी उभी राहून ओरडले, “अहो, पंचवीस मिनिटं!”

हे दचकले. हातातली तार निसटली. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले, पुन्हा हलवून पाहिले. मग भरलेली खाच उकलायला घेतली.

“किती झाले होते?” मी घाबरत विचारलं.

“तेच तर माहीत नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र तार उकलता उकलता हसायला लागले. “पंचवीस म्हंते. बापरे.” मग म्हणाले, “उद्यापासून तुले आनंद झाला तर पहिले मह्या हाताकडे पाहत जाय.”

त्या दिवशी वेग मोजला. अठरा. दोनच कमी! दुकानातून निघाले तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

मग मी सुसाट सुटले. सौंसर ते पांढुर्णा बसचा तास मी पूर्वी फोनमध्ये घालवायची. आता मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर बोटं चालवायला लागले. खिडकीतून जी पाटी दिसेल ती पर्सवर टाइप करायची. खतांच्या जाहिराती, गावांची नावं, ढाब्यांच्या पाट्या. एकदा बाजूला एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, सावरगावला लेकीकडे चाललेल्या. बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, “पोरी, हाताले काय झालं वो? कंप येऊन राहिला का?”

मी हसून सांगितलं, परीक्षा आहे, बोटांचा अभ्यास करून राहिली.

“हो का? मंग कर माय. मी नाही बोलत.”

त्या बोलल्या नाहीत, पण पुढच्या सीटवरच्या दोघांनी मोबाइलवर मोठ्यानं गाणं लावलं तेव्हा त्यांच्या पाठीवर टिचकी मारून म्हणाल्या, “बंद कर रे ते! बाई परीक्षा देऊन राहिली इथी!” सगळी बस माझ्याकडे पाहायला लागली. गाणं बंद झालं. मग कोण थांबतं, मी पांढुर्ण्यापर्यंत पाट्यांचा फडशा पाडला.

राहिलं होतं ऑफिस. तिथं आमचे हेडक्लार्क, बडे बाबू. माणूस भला, पण त्यांना जे आठवेल ते आठवेल त्या क्षणी सांगायची सवय. “मैडम, ज़रा वो फ़ाइल.” दोन मिनिटांनी, “मैडम, ज़रा वो नंबर.” मी दिवसभर उठत-बसत होते आणि याद्या भरता भरता संध्याकाळ व्हायची. एके दिवशी मी लांबलचक यादीच्या मधोमध होते. त्यांनी हाक मारली आणि माझा डावा हात आपोआप वर गेला. पंजा उघडा. यांच्यासारखाच.

मी ओळ पूर्ण केली, कागदावर ओळीचा आकडा लिहिला, उठून त्यांच्या टेबलाशी गेले.

“मैडम, आप हमको हाथ दिखा रही हैं?” त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. वाइंडिंगचं दुकान, वेढे, खडूचा आकडा, परीक्षा. त्यांनी ऐकून घेतलं आणि समोरची फाइल उघडली. दिवसभर मला एकदाही हाक मारली नाही. मला वाटलं, परीक्षा राहिली बाजूला, आहे ती नोकरीही जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागदांचा गठ्ठा घेऊन आले. “ग्यारह बजे तक आपको कोई नहीं बुलाएगा. मुझे जो याद आएगा, लिखकर रखूँगा. ग्यारह बजे सब इकट्ठा.” आणि खरंच, अकराला ते चिठ्ठी घेऊन आले. तिच्यावर नऊ कामं होती. ती नऊही अर्ध्या तासात झाली. जी यादी संपवायला मला संध्याकाळ लागायची ती त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी संपली! मी साडेसहाची बस सोडून पाचच्या बसनं घरी आले. दारात उभ्या सासूबाईंनी विचारलं, “बरं नाही वाटत का?”

परीक्षा छिंदवाड्याला होती. यांचा हंगाम जोरात होता, दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी एकटीच सकाळच्या बसनं गेले. घाटात बस वळणं घेत होती आणि माझी बोटं पर्सवर. हॉलमध्ये तीस-चाळीस कॉम्प्युटर, ओळीनं. बहुतेक मुलं-मुली माझ्या अर्ध्या वयाची. माझ्या डाव्या हाताला बसलेली मुलगी नखं कुरतडत होती. पंधरा मिनिटांचा उतारा. घंटी झाली आणि मी सुरू झाले.

त्या पंधरा मिनिटांतलं मला नंतर काही सांगता येईना. शब्द डोळ्यांसमोरून येत होते आणि बोटांतून जात होते. सिंचनाबद्दल काही होतं बहुतेक. ‘आणि’ एकदाही आलं नाही. घंटी झाली तेव्हा, एवढ्यात कशी झाली, असं वाटलं.

बाहेर आले तर ती शेजारची मुलगी धावत माझ्याकडे आली. पांढुर्ण्याकडचीच होती, मराठीत बोलली. “ताई, तुम्ही घाबरल्या नाही का?”

“कायले?”

“कायले म्हणजे? मागच्या ओळीतल्या दादाची खुर्ची मोडली न! धाडकन खाली पडला तो. पाण्याची बाटली पण फुटली. सारे उठून पाहून राहिले होते. मले तर पुन्हा ओळच सापडली नाही. तुम्ही एकट्याच टाइप करून राहिल्या होत्या.”

“खुर्ची मोडली?”

“तुमच्या मागंच की ताई! चार हातांवर!”

मला ऐकू आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. जी बाई फोन न वाजता तो उचलून पाहायची, तिच्या पाठीमागं माणूस खुर्चीसकट आपटला आणि तिला पत्ता नाही! मी त्या मुलीचा हात धरून तिथंच, रस्त्यावर, वेड्यासारखी हसायला लागले. ती बिचारी रडवेली होती. मग मी तिला घेऊन चहा प्यायला गेले आणि ओळ हरवू नये म्हणून काय करायचं ते सगळं सांगितलं. तिची अजून एक संधी शिल्लक होती. बस येईपर्यंत ती प्रश्न विचारत होती आणि मी सांगत होते.

आठ दिवसांनी ऑफिसातच निकाल पाहिला. मिनिटाला सव्वीस. बडे बाबूंनी चष्मा पुसून स्क्रीन स्वतः वाचली आणि साऱ्या खोलीला ऐकवली. संध्याकाळी घरी सासूबाईंनी खीर केली. यांनी वाटी हातात घेऊन विचारलं, “सव्वीस? मोजायले चुकले तर नाही न?” त्यांच्याकडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळच झालं.

नोकरी अजून पक्की झालेली नाही. कंत्राट वाढलं, तेवढं खरं. पक्कं कधी होईल ते मला माहीत नाही आणि त्यावर मी आता रोज बोलतही नाही. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आधीच माझे डोळे आपसूक उघडले. परीक्षा संपली होती, करायला काही नव्हतं, तरी अंगात असा उत्साह की झोप येईना. तो एक तास हातात होता, पूर्ण, कोणी न तोडलेला. त्याचं काय करू?

लग्न झालं तेव्हा माझं बीए दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं. त्याबद्दल मी कधी कोणाजवळ काही बोलले नव्हते. त्या आठवड्यात मी कॉलेजात जाऊन बाहेरून बीएच्या परीक्षेला बसायचा अर्ज भरून आले. राज्यशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणलं. पहिली दहा पानं वाचायला चार सकाळी लागल्या, पाचव्या सकाळी एकदम बावीस पानं झाली. पोरगी म्हणते, आई, तू पुस्तक वाचताना एवढी हसते कायले? मी तिला म्हटलं, हसत नाही, पुढं काय आहे ते पाहायची घाई झाली आहे.

आज एकशे चौदाव्या पानावर आहे. उद्या पंचायत राजचा धडा सुरू होतो.